दुसऱ्याच्या ओसरीवर आपली ओळख

विजापूरला जाऊन आलेल्या एखाद्या प्रवाशाने मुलुखमैदान तोफेवर लेख लिहिलेला असतो. फोटो चांगले असतात, मजकूरही मनापासून लिहिलेला असतो. खाली प्रतिक्रिया येऊ लागतात. त्यातली एक अशी: "खूप छान माहिती. माझ्या ब्लॉगलाही अवश्य भेट द्या." आणि शेवटी दुवा. दुसरी अशी: "ही तोफ विजापूरला जाण्याआधी आमच्या परंड्याच्या किल्ल्यात होती. १५४९ मध्ये निजामशाहीत अहमदनगरला ओतली, पुढे परंड्याला आली आणि १६३२ मध्ये आदिलशाहीने ती विजापूरला नेली. परंड्याच्या बुरुजांवर आजही तोफा आहेत. बार्शीकडे येणं झालं तर वाट वाकडी करून बघून जा." या दुसऱ्या माणसाच्या नावावर टिचकी मारली, तर परंड्याच्या किल्ल्याची माहिती देणारं एक छोटं संकेतस्थळ उघडतं.

पहिली प्रतिक्रिया लेखकाने वाचली काय आणि न वाचली काय, सारखंच. दुसरी वाचून तो थांबतो. आपल्या लेखातली एक जागा रिकामी होती आणि ती कुणीतरी भरली, हे त्याच्या लक्षात येतं. तो उत्तर देतो, चार प्रश्न विचारतो, जमलं तर लेखात एक वाक्य वाढवतो. पुढे तो लेख वाचणाऱ्या प्रत्येकाला परंड्याचं नाव भेटतं.

आपल्या संकेतस्थळाचा बोलबाला व्हावा म्हणून इतरांच्या ब्लॉगवर प्रतिक्रिया लिहिण्याची रीत ब्लॉगइतकीच जुनी आहे. तिच्यावर व्यवसाय उभे राहिले, तिच्यामुळे चांगल्या लेखकांनी प्रतिक्रियांची सोय बंद केली, आणि याच रीतीने काही माणसं जन्माची जोडलीही गेली. परंड्यासारख्या तालुक्याच्या गावातून काही लिहू पाहणाऱ्या, विकू पाहणाऱ्या किंवा आपल्या गावाची ओळख जगाला करून देऊ पाहणाऱ्या माणसाला या रीतीचा आज काय उपयोग आहे, हे नीट तपासण्यासाठी हा आढावा.

दुव्याला किंमत कशी आली

१९९८ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकणाऱ्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी शोधयंत्राची एक नवी पद्धत मांडली. तिचं नाव पेजरँक. एखाद्या पानाकडे इतर किती पानं बोट दाखवतात आणि ती पानं स्वतः किती वजनदार आहेत, यावरून त्या पानाचं महत्त्व ठरवायचं, हे तिचं सूत्र. गावात माणसाची पत अशीच ठरते. ज्यांच्या शब्दाला मान आहे अशा चौघांनी नाव घेतलं की नवख्याला उधारी मिळते. गूगल उभं राहिलं ते या सूत्रावर, आणि इंटरनेटवरच्या प्रत्येक दुव्याला तेव्हापासून बाजारभाव आला.

नेमक्या त्याच काळात ब्लॉग जन्माला आले. १९९९ मध्ये ब्लॉगर ही सेवा सुरू झाली आणि २००३ मध्ये गूगलने ती विकत घेतली. वर्डप्रेसही २००३ चंच. लेखाखाली प्रतिक्रियेचा फॉर्म असायचा आणि त्यात नाव, ईमेल, संकेतस्थळ आणि मजकूर अशा चार चौकटी. सगळं रामायण घडलं ते तिसऱ्या चौकटीमुळे. तिच्यात पत्ता भरला की लिहिणाऱ्याचं नावच दुवा होऊन जायचं. बोलणारा माणूस कोण, कुठला, हे वाचणाऱ्याला कळावं एवढाच त्यामागे हेतू होता. शोधयंत्राच्या हिशेबात मात्र तो दुवा म्हणजे एक मत होतं.

मत फुकट मिळतंय म्हटल्यावर गर्दी झाली. नावाच्या चौकटीत माणसाच्या नावाऐवजी 'स्वस्त हॉटेल' किंवा 'वजन कमी करा' असे शब्द येऊ लागले, कारण ज्या शब्दांवर दुवा दिला जातो त्या शब्दांसाठी ते पान शोधात वर येण्याची शक्यता वाढते. पुढे हे काम माणसाकडून प्रोग्रामकडे गेलं. हजारो ब्लॉग शोधून त्यांच्या फॉर्ममध्ये एकच मजकूर भरणारी सॉफ्टवेअर विकली जाऊ लागली.

२००४ मध्ये झालेली एक स्पर्धा या बाबतीत लक्षात ठेवण्यासारखी आहे. 'नायग्रिट्यूड अल्ट्रामरीन' असा एक अर्थहीन शब्दप्रयोग ठरवला गेला आणि तो शोधल्यावर ज्याचं पान गूगलवर पहिलं येईल त्याला बक्षीस, अशी अट होती. अनेक स्पर्धकांनी लोकांच्या अभिप्रायवह्या आणि विकीची पानं आपल्या दुव्यांनी भरून टाकली. अंतिम फेरीत जिंकला तो अनिल डॅश नावाचा ब्लॉगर. त्याने आपल्या वाचकांना मोकळेपणाने सांगितलं की मला दुवा द्या, आणि वर्षानुवर्षं त्याला वाचत आलेल्या लोकांनी तो दिला. भाड्याने आणलेली मतं एका बाजूला होती, कमावलेली माणसं दुसऱ्या बाजूला, आणि माणसं जिंकली.

दारं बंद होत गेली

जानेवारी २००५ मध्ये गूगल, याहू आणि एमएसएन या तिन्ही शोधयंत्रांनी आणि ब्लॉगची सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी मिळून 'नोफॉलो' नावाची खूण मान्य केली. दुव्याला ही खूण लावली की शोधयंत्र त्याला मत धरत नाही. वाचकाला दुवा पूर्वीसारखाच दिसतो, टिचकी मारली की उघडतो, फक्त हिशेबातून गळतो. वर्डप्रेसने प्रतिक्रियांमधल्या सगळ्या दुव्यांना ती आपोआप लावायला सुरुवात केली. इंग्रजी विकिपीडियानेही जानेवारी २००७ मध्ये आपल्या बाहेरच्या दुव्यांना तीच खूण लावली.

२००५ च्याच शेवटी कचरा प्रतिक्रिया ओळखून बाजूला काढणारी अकिस्मेट ही सेवा आली. वर्डप्रेसमध्ये दोन किंवा अधिक दुवे असलेली प्रतिक्रिया आपोआप तपासणीसाठी अडवण्याची सोय आहे, आणि ब्लॉग नवा उभा केला की ती चालूच असते. ज्याची एकही प्रतिक्रिया आधी मंजूर झालेली नाही, त्याचं लिखाणही थांबवून ठेवता येतं. म्हणजे पहिली प्रतिक्रिया ही ओळखपरेड असते. ती पार पडली तर पुढचं दार उघडं.

एप्रिल २०१२ मध्ये गूगलने 'पेंग्विन' नावाचा बदल केला आणि बनावट दुव्यांच्या जोरावर वर आलेली संकेतस्थळं खाली घसरली. जानेवारी २०१४ मध्ये गूगलमधले मॅट कट्स यांनी जाहीरपणे सांगितलं की केवळ दुव्यासाठी दुसऱ्याच्या ब्लॉगवर पाहुणा लेख लिहिण्याचे दिवस संपले. सप्टेंबर २०१९ मध्ये वाचकांनी लिहिलेल्या मजकुरातल्या दुव्यांसाठी वेगळी खूण आली, आणि यापुढे नोफॉलोकडे आपण आदेश म्हणून न बघता इशारा म्हणून बघू, असंही गूगलने सांगितलं. यावरून काहींनी पुन्हा आशा धरली. पण नेमके शब्द पेरून प्रतिक्रियांमध्ये टाकलेले दुवे गूगलच्या नियमावलीत आजही दुव्यांच्या भेसळीतच मोजले जातात.

हा इतिहास इतक्या तपशिलाने सांगायला कारण आहे. वीस वर्षांपूर्वी निकालात निघालेला हा माल आजही लहान गावांत विकला जातो. आमच्या एका भाऊबंदाचं ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. त्याने हौसेने संकेतस्थळ करून घेतलं आणि ते करून देणाऱ्याने सोबत 'हजार कमेंटचं पॅकेज' घ्यायला लावलं. महिनाभराने मला दाखवायला आणलेल्या यादीत परदेशातल्या बागकामाचे, पाककृतींचे ब्लॉग होते, एक तर कुत्र्यांच्या संगोपनाचा होता. सगळीकडे दुकानाच्या नावाने तेच एक वाक्य. परंडा, भूम, करमाळा या भागातला एकही शेतकरी त्या पानांवर कधी जाणार नव्हता. भाऊबंदाने विचारलं, "दादा, याचा उपयोग होईल ना?" त्याचे पैसे गेले होते आणि नाव शंभर ठिकाणी वाईट झालं होतं. त्या प्रश्नाला उत्तर देताना मला जड गेलं.

शोधयंत्रात वर चढण्याचा उपाय म्हणून प्रतिक्रियांचा काळ २००५ मध्येच संपला. जो कुणी आज तो उपाय म्हणून विकतो, त्याच्यापासून चार हात लांब राहावं.

मराठीतला अनुभव

दुसऱ्याच्या छापील पानावर लिहून ओळख मिळवण्याची परंपरा मराठीला नवी नाही. गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात 'लोकहितवादी' या नावाने पत्रं लिहायला सुरुवात केली. १८५० पर्यंत ती १०८ झाली. पत्र दुसऱ्याचं, वाचकही दुसऱ्याने जमवलेले. पण त्या वाचकांना विचार करायला लावील असं काही त्यांनी दिलं, म्हणून ते टोपणनाव खऱ्या नावाहून मोठं झालं.

इंटरनेटवरही मराठी माणूस आधी जमला तो गप्पांच्या अड्ड्यांवर. अमेरिकेतल्या अजय गल्लेवाले यांनी १९९६ मध्ये मायबोली सुरू केली. पुढे मनोगत आलं, २००७ मध्ये उपक्रम आणि मिसळपाव, २०११ मध्ये ऐसी अक्षरे. या ठिकाणी प्रतिक्रियेला 'प्रतिसाद' म्हणण्याची पद्धत रुजली आणि त्या शब्दातच अर्धा शिष्टाचार आहे. साद कुणीतरी दुसऱ्याने घातलेली असते, हे तो शब्द विसरू देत नाही. इथली भाषाही खास. 'पुलेशु' म्हणजे पुढील लेखनास शुभेच्छा. 'पुभाप्र' म्हणजे पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. 'वाखु साठवली' म्हणजे वाचनखूण करून ठेवली. या तिन्हींत कौतुक होतं, पण ओळख व्हायची ती लांब प्रतिसादांनी. एखाद्या धाग्यावर कुणी किल्ल्याबद्दल, रागाबद्दल, भाकरीच्या पिठाबद्दल मूळ लेखाइतकंच मोलाचं लिहून जायचं आणि वाचणारे त्या सदस्याचं इतर लेखन शोधत निघायचे. नुसता आपल्या ब्लॉगचा दुवा टाकून पळणाऱ्याला मात्र जुने सदस्य लगेच सुनवायचे की इथे लिहा, दुवे काय देता?

२००५ नंतर युनिकोडमुळे देवनागरीत लिहिणं सोपं झालं आणि मराठी ब्लॉग वाढले. 'मराठी ब्लॉग विश्व' या ठिकाणी नव्या नोंदींची यादी एकत्र दिसायची आणि तिचं छोटं चिन्ह लोक आपल्या ब्लॉगच्या कडेला अभिमानाने लावायचे. वाचक थोडे होते, लिहिणारेही थोडे, आणि बरेचदा दोन्ही तीच माणसं. त्यामुळे प्रतिक्रिया म्हणजे अक्षरशः वाण देणं-घेणं होतं. तुम्ही माझ्याकडे आलात, मी तुमच्याकडे येतो. एकाने विषय सुरू करून दुसऱ्याला 'खो' द्यायचा आणि त्याने आपल्या ब्लॉगवर तो पुढे न्यायचा, असे खेळ रंगले. निवडक ब्लॉगलेखनाचा 'रेषेवरची अक्षरे' हा दिवाळी अंक २००८ मध्ये निघाला. त्या वेळच्या स्टार माझा वाहिनीने 'ब्लॉग माझा' ही स्पर्धा घेतली. 'काय वाट्टेल ते'सारख्या ब्लॉगखाली प्रतिक्रियांची लांबलचक रांग असायची आणि त्या रांगेत भेटलेल्या नावांवर टिचकी मारत मारत माणूस दहा नव्या ब्लॉगांपर्यंत पोचायचा. पुढे पुण्या-मुंबईत ब्लॉगर्सचे मेळावे झाले, तेव्हा पडद्यावरच्या नावांना चेहरे मिळाले.

मराठीपुरतं पाहिलं तर प्रतिक्रियांनी प्रचार झाला, आणि चांगला झाला. पण तो शोधयंत्राच्या वाटेने झाला नाही. मराठी मजकूर शोधून वाचणारेच त्या वेळी कमी होते. प्रचार झाला तो ओळखीतून, एका वाचकाने दुसऱ्याच्या दारात आणून सोडल्यामुळे. जिथे इंग्रजी ब्लॉगांना यंत्रांच्या टोळधाडीने त्रास दिला, तिथे मराठीत त्रास होता तो 'भेट द्या'वाल्या माणसांचा. तो कमी घातक होता, पण कंटाळवाणा होता.

पेठ हलली

१ जुलै २०१३ रोजी गूगल रीडर बंद झालं. अनेक ब्लॉगांच्या नव्या नोंदी एका जागी वाचण्याची ती सोय होती आणि नियमित ब्लॉग वाचणाऱ्यांची मोट तिने बांधून ठेवली होती. मोट सुटली आणि लोक फेसबुककडे वळले. २०१६ मध्ये जिओ आल्यावर परंड्यासारख्या गावांत इंटरनेट घरोघरी पोचलं, पण ते व्हॉट्सअॅप आणि यूट्यूबच्या रूपाने. ब्लॉगखालची ओसरी ओस पडली.

नव्या पेठेचे नियम वेगळे आहेत. फेसबुकवर आपल्याच पोस्टमध्ये दुवा टाकला तर ती कमी लोकांपर्यंत जाते अशा समजुतीने लोक लिहितात, 'लिंक पहिल्या कमेंटमध्ये.' इन्स्टाग्रामवर कमेंटमधला दुवा उघडतच नाही, म्हणून 'लिंक बायोमध्ये.' यूट्यूबने ३१ ऑगस्ट २०२३ पासून शॉर्ट्सच्या कमेंटमधले दुवे टिचकीने उघडेनासे केले. व्हॉट्सअॅपच्या गटात झालेली चर्चा बाहेरच्याला कधीच दिसत नाही आणि सहा महिन्यांनी आतल्यालाही सापडत नाही.

यात एक मोठा तोटा आहे आणि तो ब्लॉगच्या बाजूने विचार करायला लावतो. फेसबुकवर परंड्याच्या किल्ल्याबद्दल लिहिलेली उत्तम टिपणी दोन दिवसांत खाली वाहून जाते. ब्लॉगच्या लेखाखालची टिपणी लेखाबरोबर राहते. दहा वर्षांपूर्वी लिहिलेल्या एखाद्या दुर्गभ्रमंतीच्या लेखावर आजही वाचक शोधून येतो, कारण सहलीला निघणारा माणूस आदल्या रात्री गूगल करतो. त्या लेखाखाली तुम्ही बार्शीहून येणारी वाट, किल्ला बघायला लागणारा वेळ, उन्हाळ्यात पाणी सोबत घ्यायची सूचना लिहिलेली असेल, तर ती वर्षानुवर्षं कामाला येते.

दुसरा बदल अलीकडचा आहे. मजकूर लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता २०२२ च्या अखेरीस सर्वांच्या हाती आली. 'छान माहिती' म्हणणारा प्रोग्राम आता लेखाचा सारांश सांगून, दोन मुद्द्यांचं कौतुक करून, गोड भाषेत प्रतिक्रिया देतो. वरवर पाहता ती माणसाचीच वाटते. पण तिच्यात लेखात नसलेलं काहीही नसतं. किल्ल्याच्या नरसिंहाच्या देवळात सकाळी कोण असतं, कुठल्या बुरुजाची पायरी ढासळली आहे, हे तिला ठाऊक नसतं. जे गावात राहणाऱ्यालाच माहीत असतं त्याचं मोल या बदलामुळे वाढलं आहे.

फायदा मोजायचा कसा

प्रतिक्रियांच्या फायद्याबद्दल बोलताना तीन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात. त्या सुट्या करून पाहाव्या.

पहिली, शोधयंत्रातलं स्थान. त्याचं काय झालं ते वर आलंच आहे.

दुसरी, थेट येणारे वाचक. दुव्यावर टिचकी मारून किती माणसं आली, हे गूगल अॅनालिटिक्ससारख्या साधनात दिसतं. २००५ पासून ते फुकट उपलब्ध आहे. कुठल्या पानावरून वाचक आला, किती वेळ थांबला, दुसरं पान उघडलं का, हे बघावं. माझ्या अनुभवात आकडा नेहमी लहान असतो. पण किल्ल्याच्या लेखाखालून आलेला वाचक आणि भलत्याच ठिकाणाहून चुकून आलेला वाचक यांत फरक दिसतो. पहिला थांबतो, नकाशा उघडतो, कधी विचारपूस करतो.

तिसरी गोष्ट कुठल्याच साधनात दिसत नाही. ती म्हणजे ज्याच्या ब्लॉगवर आपण लिहितो त्या लेखकाशी होणारा परिचय. पुढच्या वेळी तो स्वतःच्या लेखात तुमचं नाव घेतो, दुवा देतो, आणि लेखाच्या मजकुरातला त्याने मनाने दिलेला तो दुवा शोधयंत्रही खरं मत म्हणून मोजतं. पहिली गोष्ट हवी असेल तर तिच्याकडे जायचा रस्ता तिसरीतून जातो. अनिल डॅशच्या बाबतीत हेच घडलं होतं.

परंड्यातून करायचं झालं तर

समजा, परंडा तालुक्याची माहिती देणारं संकेतस्थळ तुम्ही केलं आहे. सुरुवात कुठून करावी?

आधी नावापासून. आपल्या गावाचं नाव लोक 'परंडा' असंही लिहितात आणि 'परांडा' असंही. जिल्ह्याचं नाव २०२३ पर्यंत उस्मानाबाद होतं, आता धाराशिव आहे. जुन्या लेखांमध्ये जुनी नावं आहेत आणि ती तशीच राहणार. स्वतःच्या पानावर चारही रूपं एकदा तरी आली पाहिजेत, आणि इतरांचे लेख शोधतानाही चारही लिहून शोधावं. मी 'परांडा' लिहून शोधलं तेव्हा 'परंडा' लिहून कधीच न सापडलेले भटकंतीचे लेख पुढे आले.

मग आपण कुठे भर घालू शकतो ते ठरवावं. परंड्याच्या माणसाला बोलण्यासारखे विषय पुष्कळ आहेत. निजामशाहीवरचा लेख दिसला तर तिथे सांगता येतं की १६०० मध्ये अहमदनगर मोगलांनी घेतल्यावर मलिक अंबरने मुर्तजा निजामशहाला गादीवर बसवलं आणि काही काळ राजधानी परंड्याला होती. समर्थ संप्रदायावरचा लेख असेल तर सीनेकाठच्या डोमगावचा मठ आहे. समर्थशिष्य कल्याणस्वामींची समाधी तिथे आहे आणि दासबोधाची डोमगावची प्रत अभ्यासकांना ठाऊक आहे. परंड्यातच हंसराज स्वामींचा मठ आहे. देवस्थानांवर लिहिणाऱ्याला सोनारीच्या काळभैरवनाथाची यात्रा आणि तिथली माकडं सांगावी. धरणांवर, पाणपक्ष्यांवर लिहिणाऱ्यापुढे सीना-कोळेगावचा जलाशय ठेवावा. प्रत्येक ठिकाणी बोलणं त्या लेखाच्या विषयाचं असावं. परंडा त्यात ओघाने यावा.

लिहिताना काही साध्या गोष्टी पाळल्या तर पुरे. लेख शेवटपर्यंत वाचावा, कारण आपण सांगणार ते लेखकाने तळाशी लिहिलेलंच असतं, असं बरेचदा घडतं. नावाच्या चौकटीत स्वतःचं नाव लिहावं. 'परंडा किल्ला माहिती' हे कुणाचं नाव नसतं. मजकुरात दुवा देऊ नये. तिसऱ्या चौकटीत पत्ता भरला की पुरतं. नकाशा किंवा शिलालेखाचं वाचन असं काही दुव्याशिवाय सांगताच येत नसेल, तर एकच दुवा द्यावा आणि तो नेमक्या त्या पानाचा द्यावा. लेखकाची चूक दाखवायची असेल तर आधी लेखात आवडलेलं सांगावं आणि आधार देऊन दुरुस्ती सुचवावी. आणि परत जावं. बहुतेक लोक इथे कमी पडतात. लेखकाने उत्तरादाखल काही विचारलेलं असतं आणि प्रतिक्रिया देणारा तिकडे फिरकतच नाही. ओसरीवर बसून निरोप ठेवायचा आणि घरधनी बाहेर येईपर्यंत निघून जायचं, असं आपण कुणाच्या घरी करत नाही.

दिवसाला वीस प्रतिक्रियांचा नेम धरू नये. आठवड्याला एक, पण अशी की ती तुमच्या स्वतःच्या संकेतस्थळावरही शोभली असती. ती लिहिताना जे नव्याने शोधावं लागतं, त्यातूनच पुढचा लेख तयार होतो. मुलुखमैदानची प्रतिक्रिया लिहिण्यासाठी तारखा पडताळून पाहिल्या, तेव्हा कळलं की तोफेवर कोरलेल्या एका लेखात औरंगजेबाने विजापूर जिंकल्याची नोंद आहे. परंड्याहून गेलेल्या तोफेची पुढची कहाणी माझ्या संकेतस्थळावर आली ती त्यामुळे.

आणि स्वतःच्या घरी प्रतिक्रियांची सोय असेल तर ती राखावी. आलेल्याला उत्तर द्यावं, केरकचरा वेळच्या वेळी काढावा. ज्या पानाखाली 'वजन कमी करा'चे दुवे महिनोन् महिने पडून आहेत, तिथे शहाणा माणूस बोलायला थांबत नाही.

मर्यादा आणि मर्यादाशीलता

ही रीत सगळ्यांच्या कामाची नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. ज्याचं गिऱ्हाईक तालुक्यापुरतं आहे, अशा दुकानदाराने ब्लॉगांच्या मागे लागू नये. त्याने गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद करावी, वेळा आणि फोन नंबर बरोबर ठेवावे. आमच्या भाऊबंदाचं काम शेवटी त्यानेच झालं. ज्याला लवकर गर्दी हवी आहे, त्याच्याही कामाची ही नाही, कारण हिचं फळ रुजायला वर्षं लागतात. ज्याच्याकडे सांगण्यासारखं काही आहे आणि ऐकणारे दूरवर विखुरलेले आहेत, त्याच्यासाठी मात्र हिच्याइतका स्वस्त आणि टिकाऊ मार्ग मला दिसत नाही.

आणि प्रश्न नीतीचाही आहे. खोट्या नावाने स्वतःच्याच संकेतस्थळाची शिफारस करणं, पैसे घेऊन तटस्थ वाचक असल्याचं भासवणं, ही फसवणूक आहे. भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढलं. ते ऐच्छिक आहे आणि खरेदीच्या अभिप्रायांपुरतं आहे, पण त्यामागचं तत्त्व ब्लॉगलाही लागू पडतं. अभिप्राय खऱ्या माणसाचा असावा आणि त्यामागचा हितसंबंध लपवलेला नसावा. 'हे संकेतस्थळ माझंच आहे' असं उघड सांगितल्याने कुणाचा विश्वास कमी झालेला मी पाहिला नाही.

दासबोध समर्थांनी सांगितला आणि कल्याणस्वामींनी लिहून घेतला, ही परंपरेची कथा परंडा तालुक्यात लहानपणीच कानावर पडते. शब्द दुसऱ्याचे होते, ग्रंथ दुसऱ्याचा होता. त्या ग्रंथापायी हात झिजवणाऱ्या माणसामुळे सीनेकाठचं डोमगाव आज महाराष्ट्राला माहीत आहे. इतकी साधना कुणी आपल्याकडे मागत नाही. कुणीतरी कष्टाने लिहिलेला एक लेख आज रात्री शोधावा, ज्यात परंडा यायला हवा होता आणि आला नाही. तो नीट वाचून त्याखाली चार ओळी लिहाव्या, आपल्या खऱ्या नावाने.